मेपलचा रस टाकीतून वाहून जातो, नाहीतर टाकीतच आंबतो: आधी काय तपासायचं

पूर्व ओंटारिओत आमच्या भागात फेब्रुवारीचा शेवट आला की फोन सुरू होतात. टोरँटोच्या बाजूने येऊन इथे जमीन घेतलेली मराठी मंडळी असोत की पिढ्यान् पिढ्या शुगरबुश, म्हणजे रस काढून सिरप करण्यासाठी राखलेली मेपलची झाडी, सांभाळणारे शेजारी, तक्रार ठरलेली: "टाकी पुरत नाही, मोठी कुठे मिळेल?" मोठी टाकी खरोखर लागते अशी घरं थोडी. बहुतेक ठिकाणी टाकी पुरेशी असते. रस येण्याचा वेग आणि उकळण्याचा वेग यांचा मेळ बसलेला नसतो, किंवा टाकी कागदावर जेवढी आहे तेवढी प्रत्यक्षात नसते. म्हणून खाली दिलेल्या क्रमानेच तपासा. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत, शेवटच्या महाग.

लक्षणं

यातलं कुठलं तुमच्याकडे दिसतं ते बघा:

- हंगामातले मोजके दिवस टाकी भरून वाहते, बाकी दिवस अर्धीही भरत नाही.
- टाकी वाहत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रस दुधट दिसतो, आतल्या भिंतीला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं, आणि सिरप अपेक्षेपेक्षा गडद उतरतं.
- टाकीत रस दिसतोय तरी इव्हॅपोरेटरचं (रस उकळून आटवायच्या भट्टीचं) पॅन कोरडं पडतं, तळ लागतो.
- आरओ (मेम्ब्रेन नावाच्या पडद्यातून रसातलं पाणी वेगळं काढणारं यंत्र) बसवल्यावर कच्च्या रसाची अडचण मिटली, पण घट्ट केलेल्या रसाला आंबूस वास येऊ लागला.
- टाकी एका अंगाला कलली आहे किंवा फुगल्या-पिचकल्यासारखी दिसते.

पहिलं आणि तिसरं लक्षण एकत्र असेल तर बहुधा नळजोडणीत गोम आहे. दुसरं एकटंच असेल तर टाकीच्या आकाराचा विषय सोडा, तपमान आणि स्वच्छता बघा. शेवटचं दिसत असेल तर बाकी काही वाचू नका, सरळ शेवटच्या भागावर जा.

आज रात्रीच टाकी भरत असेल तर

नळ्यांतून झाडाचा रस ओढणारा व्हॅक्यूम पंप बंद करा. गुरुत्वाकर्षणाने जेवढा येईल तेवढाच रस येऊ द्या. झाडाला त्याने काही होत नाही. वर बर्फाचा थर तरंगत असेल तर तो झाऱ्याने काढून फेकून द्या. रस गोठताना आधी पाणी गोठतं, त्या बर्फात साखर फार थोडी असते, आणि टाकीत तेवढी जागा होते. शेजारी कुणी जास्त क्षमतेचा उकळणारा असेल तर रस विकून टाका. जंगलात जिरलेल्या रसाचे पैसे कुणी देत नाही. २ टक्के साखरेच्या १०० लिटर रसातून साधारण २.३ लिटर सिरप निघतं, तेव्हा ओसंडून गेलेल्या रसाचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून बघावा.

१. टाकी खरोखर किती मोठी आहे? (खर्च: एक मोजपट्टी)

कॅनडात ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा कामी येते. जुन्या टाक्यांवर आकडा इंपिरियल गॅलनमध्ये असतो, अमेरिकेहून आलेल्या नव्या टाक्यांवर अमेरिकी गॅलनमध्ये. इंपिरियल गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी ३.७८५ लिटरचा. "५०० गॅलनची टाकी" म्हणजे एकीकडे जवळपास २२७० लिटर, दुसरीकडे १८९० लिटर. पावणेचारशे-चारशे लिटरचा फरक नुसत्या लेबलातून पडतो. तेव्हा सगळा हिशेब लिटरमध्ये करा आणि गॅलन विसरा.

मग उपयोगी क्षमता. बाहेर पडणारा नळ तळापासून १० सेंटिमीटर वर असेल तर त्याखालचा रस तुमच्या कामाचा नाही. वरचं ओव्हरफ्लोचं भोक कडेपासून १५ सेंटिमीटर खाली असेल तर त्यावरची जागाही नाही. १.२ मीटर व्यासाच्या उभ्या गोल टाकीत दर १० सेंटिमीटरला ११३ लिटर मावतात, म्हणजे या उदाहरणात २८० लिटरच्या आसपास हातची गेली.

आडव्या सिलिंडरच्या टाकीत, म्हणजे जुन्या दुधाच्या टाक्यांत, आणखी फसगत होते. काठी टाकून चौथाई उंचीपर्यंत ओली आली तर लोक धरून चालतात की पाव टाकी भरली. प्रत्यक्षात तेव्हा टाकी जेमतेम २० टक्के भरलेली असते. मधल्या भागात तीच उंची भराभर जास्त लिटर खाते, आणि वर पुन्हा उलटं: तीन-चतुर्थांश उंचीला टाकी ८० टक्के भरलेली असते. "अजून बरीच जागा आहे" म्हणून झोपायला जाणाऱ्याची टाकी पहाटे वाहते ती यामुळे. एकदा उन्हाळ्यात बादलीने मोजून पाणी ओता आणि लाकडी काठीवर दर १०० लिटरला खूण करा. अख्ख्या हंगामात त्या काठीइतकं उपयोगी उपकरण दुसरं नाही.

२. थर्मामीटर टाका (खर्च: नगण्य)

टाकीचा आकार लिटरमध्ये असतो, पण रस किती वेळ टिकणार हे तपमान ठरवतं. दोन्ही मिळून साठवण होते. ४ अंश सेल्सियसच्या खाली रस काही दिवस राहू शकतो. दुपारच्या उन्हात १० अंशांवर गेला की तोच रस एका दिवसात बिघडू लागतो. गुऱ्हाळ पाहिलेल्यांना हे सांगायला नको. उसाचा रस चरकातून निघाला की काहिलीत जायची घाई असते. मेपलच्या रसात साखर उसाच्या रसाच्या दहाव्या हिश्शाएवढी, पण जिवाणूंना तेवढी पुरते. ते सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात, आणि उकळताना ती साखर जास्त करपते, म्हणून सिरप काळपट येतं. जास्तच बिघडला तर रस तार धरतो. पळी वर उचलली की मागे चिकट धागा येतो. असा रस उकळत बसू नका, ओतून द्या.

काय बघायचं: टाकी दक्षिणेच्या भिंतीला आहे का? पांढरी, अर्धपारदर्शक प्लास्टिकची आहे का? उन्हात ठेवलेला असा टोट (मोठी चौकोनी प्लास्टिकची टाकी) आतून चांगला तापतो. टाकी उत्तरेच्या अंगाला सावलीत हलवा, भोवती बर्फ रचा, वर उजेड आत येणार नाही असं आच्छादन घाला. शुगर शॅकच्या (रस उकळायच्या खोपीच्या) आत, इव्हॅपोरेटरच्या शेजारी मोठी टाकी ठेवणं ही मला सगळ्यात न पटणारी रचना आहे. आत फक्त पॅनला पाजणारी लहान टाकी असावी.

काचेच्या ग्लासात रस घेऊन त्यामागे छापील कागद धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर ठीक. पुसट झाली तर रस आजच उकळायला हवा, उद्यासाठी ठेवू नका.

३. कालचा रस आजच्या रसात मिसळतोय का? (खर्च: कष्ट)

टाकीच्या तळाशी राहिलेले ५०-६० लिटर कुणाला जड जात नाहीत, म्हणून तसेच ठेवले जातात आणि त्यावर ताजा रस येतो. तो उरलेला रस विरजणाचं काम करतो. टाकी रोज पूर्ण रिकामी करा, गरम पाण्याने धुवा, तळाचा नळ आणि त्याचा कोपराही. बुळबुळीचा थर बहुतेक तिथेच लपतो. ब्लीच वापरणार असाल तर सुगंध नसलेलं, खूप पातळ केलेलं, आणि नंतर भरपूर पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून काढा. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर काय चालतं ते आधी प्रमाणित करणाऱ्यांना विचारा.

याच कारणासाठी एका मोठ्या टाकीपेक्षा दोन मध्यम टाक्या बऱ्या. एक भरते तेव्हा दुसरी रिकामी होऊन धुतली जाते. मोठी टाकी हंगामभर कधीच पूर्ण रिकामी होत नाही, हीच तिची खोड.

४. नळ, पाईप, हवा (खर्च: थोडा)

पॅन कोरडं पडलं आणि टाकीत रस आहे, तर नव्वद टक्के वेळा नळ गोठलेला असतो. पाईपला सतत उतार आहे का बघा. मध्ये कुठे झोळ पडला असेल तर रात्री तिथे रस साचून गोठतो. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून त्यात रस अडकला तर गोठून तो तडकतोही, आणि सकाळी ऊन पडलं की टाकी जमिनीवर रिकामी होते. हे लक्षण "टाकी पुरत नाही" असंच भासतं, कारण रस गेलेला कुणी पाहिलेला नसतो. व्हॉल्व्हखालचा बर्फ पिवळसर, चिकट दिसला तर चोर सापडला.

ओव्हरफ्लोचा पाईप आत येणाऱ्या पाईपपेक्षा बारीक नसावा. आणि बंद झाकणाच्या टाकीला हवा यायला वाट हवीच. झाकण घट्ट लावून पंपाने रस ओढला की आत निर्वात होतो आणि प्लास्टिकची टाकी आत चेपते. एकदा चेपलेली टाकी जोडाशी कमकुवत होते. तिच्यात पुन्हा पूर्ण भार भरू नका.

५. येतो किती, उकळतो किती (खर्च: वही, पेन्सिल, एक घड्याळ)

सगळा गुंता इथे सुटतो, म्हणून जरा सावकाश बघू.

येणारा रस: बादल्या किंवा गुरुत्वाकर्षणाच्या नळ्या असतील तर चांगल्या दिवशी टॅपमागे (रसासाठी झाडाला पाडलेल्या दर भोकामागे) ४ ते ६ लिटर धरा. चांगला व्हॅक्यूम असेल तर ८ लिटर, आणि उत्तम दिवशी त्याहून जास्त. हंगामाची सरासरी इथे कामाची नाही. टाकी सरासरीने भरत नाही, सगळ्यात चांगल्या दिवशी भरते. शिवाय व्हॅक्यूमवर रात्र शून्याच्या खाली गेली नाही तर रस रात्रभर येतच राहतो. तेव्हा "दिवस" म्हणजे २४ तास.

उकळणारा रस: इव्हॅपोरेटरच्या माहितीपत्रकावरचा आकडा विसरा. पाजणारी टाकी काठीने मोजा, जोरात आग ठेवून एक तास उकळा, पुन्हा मोजा. तो तुमचा खरा वेग.

आता उदाहरण. ४०० टॅप, व्हॅक्यूम, २ बाय ६ फुटांचा लाकडावर चालणारा इव्हॅपोरेटर, मोजलेला वेग तासाला ११० लिटर. चांगल्या दिवशी ४०० गुणिले ८, म्हणजे ३२०० लिटर आले. ते उकळायला २९ तास लागतात. दिवस २४ तासांचा. इथे १० हजार लिटरची टाकी आणली तरी नुसता बिघडणारा रस वाढेल. सलग दोन चांगले दिवस आले आणि रोज १० तास उकळलं तर ६४०० आले, २२०० संपले, ४२०० उरले. पुढे थंडी पडून रस थांबला तरी ते उरकायला जवळपास चार दिवस. मार्चच्या शेवटी चार दिवस रस टिकत नाही. अशा माणसाने टाकीचे पैसे उकळण्याकडे वळवावेत.

तेच ४०० टॅप बिनव्हॅक्यूमचे असतील तर टॅपमागे ५ लिटरप्रमाणे २००० लिटर, म्हणजे १८ तास. हेही ओढाताणीचं, पण चांगले दिवस क्वचित सलग येतात, त्यामुळे ३००० लिटरची सावलीतली टाकी निभावून नेते.

उकळण्याचा वेग कमी दिसला तर नवा इव्हॅपोरेटर घेण्याआधी पॅनचा तळ बघा. तिथे साखर-वाळूचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम मॅलेटचा, थर चढला की उष्णता पोचत नाही. पॅन साफ करणं आणि लाकूड वर्षभर वाळवलेलं, मनगटाएवढं फोडलेलं वापरणं, एवढ्यानेही वेग डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. ओलं लाकूड घालून "टाकी लहान पडते" म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

आणि हायड्रोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं साधन, वापरा. व्हरमाँट विद्यापीठातल्या सी. एच. जोन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा ८६ चा नियम सोपा आहे: ८६ ला रसाच्या ब्रिक्सने (साखरेच्या टक्क्याने) भागा, तेवढे लिटर रस एक लिटर सिरपला लागतात. २ ब्रिक्सला ४३, पण हंगाम उतरताना रस १.५ वर आला की ५७. सिरप तेवढंच हवं असेल तर साठवायचा आणि उकळायचा रस एक-तृतीयांशाने वाढला. सुरुवातीला पुरणारी टाकी एप्रिलमध्ये अपुरी वाटते त्यामागे हेही एक कारण.

६. आरओ असेल किंवा घेणार असाल तर (खर्च: भरपूर)

२ ब्रिक्सचा रस ८ वर नेला की चार हिश्शांतले तीन हिस्से पाणी निघून जातं. वरच्या उदाहरणात ३२०० चे ८०० लिटर झाले, उकळायला सव्वासात तास. गणित एकदम सुटल्यासारखं वाटतं. पण घट्ट केलेला रस कच्च्या रसापेक्षा फार लवकर बिघडतो: साखर चौपट, आणि पंपातून येताना थोडा तापलेला. तो रात्रभर साठवायचा बेत केलात तर आगीतून फुफाट्यात.

म्हणून घट्ट रसाची टाकी मुद्दाम लहान ठेवा. समजा आरओ प्रत्यक्षात तासाला ३५० लिटर ओढतो. (पत्रकावर ५०० असेल; ते आकडे कोमट रसाचे असतात, थंड रस मेम्ब्रेनमधून हळू जातो.) म्हणजे घट्ट रस तासाला साधारण ८७ लिटर तयार होतो आणि इव्हॅपोरेटर ११० खातो. आरओ सुरू करून अडीच तासांनी आग पेटवली तर टाकीत तेव्हा सव्वादोनशे लिटर असतील, त्यानंतर ते घटतच जातील, आणि आरओ संपल्यावर पाऊण तासात इव्हॅपोरेटरही संपेल. ३०० लिटरची टाकी पुरे. १००० लिटरची घेतलीत तर ती भरायचा मोह होईल.

कच्च्या रसाच्या टाकीला मात्र पूर्ण एका चांगल्या दिवसाचा रस मावला पाहिजे. माझा हिशेब: व्हॅक्यूमवर टॅपमागे किमान ८ लिटर, आणि दिवसा नोकरी करून संध्याकाळी आग पेटवणाऱ्याने १०. शिवाय आरओतून निघालेल्या शुद्ध पाण्यासाठी वेगळी टाकी हवी, कारण मेम्ब्रेन त्याच पाण्याने धुतात. ही तिसरी टाकी जवळजवळ सगळे विसरतात, आणि मग मेम्ब्रेन विहिरीच्या पाण्याने धुऊन खराब करतात. आरओचा वेग हळूहळू घटत चालला असेल तर आधी धुण्याची पद्धत तपासा.

७. आता मोठी टाकी

इथपर्यंत सगळं तपासून झालं आणि तरी लिटर कमी पडत असतील तरच. स्टेनलेसची जुनी दुधाची टाकी मला सगळ्यात आवडते: जाड, इन्सुलेट केलेली, धुवायला सोपी. प्लास्टिकचा टोट घ्यायचा तर खाद्यपदार्थासाठीचाच, आणि आधी त्यात काय होतं हे लेबलसकट दाखवणाऱ्याकडूनच. जुन्या गॅल्व्हनाइज्ड टाक्या आणि बादल्या, ज्यांचे जोड डाखलेले आहेत, त्या टाळा. त्या डाखात शिसं असू शकतं, आणि रस आंबट झाला की ते जास्त उतरतं. स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, शोभेला ठेवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- टाकी उंच चौथऱ्यावर किंवा मजल्यावर ठेवायची असेल. १००० लिटर म्हणजे एक टन. हंगाम नेमका जमिनीतला बर्फ वितळण्याच्या वेळी येतो, माती मऊ पडते आणि एक पाय खचतो. कललेली भरलेली टाकी जॅकने उचलायला जाऊ नका. दुरून, शक्य असेल तर पंपाने, रस काढा, खाली कुणाला उभं राहू देऊ नका, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.
- टाकीच्या आत उतरून धुवायची वेळ येत असेल. उतरू नका. बंद टाकीत हवा कमी असते, धुण्याच्या रसायनांचा वास साचतो. लांब दांड्याचा ब्रश किंवा फवारणारा गोळा वापरा. तेवढ्याने भागत नसेल तर बंदिस्त जागेत काम करायचं प्रशिक्षण असलेली माणसं बोलवा.
- पंप, फ्लोट स्विच किंवा आरओची वायरिंग. ओल्या जमिनीवर स्वतः तारा जोडू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा.
- दुधाच्या टाकीचं शीतकरण चालू करायचं असेल तर रेफ्रिजरेशनचा परवाना असलेला माणूस. त्यातला वायू मोकळा सोडणं बेकायदा आहे.
- जुन्या टाकीत शिशाची शंका असेल तर सिरपचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. डोळ्यांनी ते कळत नाही.

एका बाबतीत मात्र कुणालाच बोलवून उपयोग नाही. झाडाच्या कळ्या फुगू लागल्या की रसाला एक विचित्र, कोंदट चव येते. रेड मेपलमध्ये ती शुगर मेपलच्या आधी येते. टाकी थंड, स्वच्छ, नवी असली तरी ती चव जात नाही, उकळल्यावर उलट वाढते. पॅनवरच्या वाफेला तो वास आला की त्या दिवशी स्पाऊट (झाडात ठोकलेल्या तोट्या) काढा आणि नळ्या धुवायला घ्या.